दुपारी बसणारा फेस

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तेवीस वर्षं झाली. कुठल्याही इमारतीत पाऊल टाकलं की आधी कान टवकारणार, "हिचा दोर घासतोय," म्हणणार, आणि मग ज्यांच्याकडे गेलोय त्यांची विचारपूस. पायाला भिंगरी आहे त्याच्या. घरात दहा मिनिटं एका जागी बसला तर मी कपाळाला हात लावून ताप बघते.

त्याला जागेवर बसवणारी एकच गोष्ट आमच्या घरात आहे, ती म्हणजे बाहेरच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी. चार फूट लांब. आत जिवंत पोवळी, सहा मासे आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी. पाणी बरोब्बर पंचवीस अंश. अर्धा अंश इकडचा तिकडे झाला की हा भरल्या ताटावरून उठतो. त्या टाकीत दुसऱ्या कुणी बोट बुडवायचं नाही, असा नियम.

टाकीच्या खालच्या कपाटात स्किमर नावाचं यंत्र असतं. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, पाण्यातली घाण त्यांना चिकटून फेस होऊन वर चढते आणि वरच्या कपात जमा होते. फेस नीट चढला नाही तर घाण पाण्यात राहते आणि पोवळी मरायला लागतात. हे ज्ञान मला लग्नानंतर मिळालं, मागितलेलं नसताना.

मग माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला.

सासरे कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. मोठ्या कात्रीने कापडाचे थरच्या थर कापायचे, तेही खडूची रेघ न मोडता, आणि नव्या पोरांनाही तसंच शिकवायचे. गल्लीत अजूनही सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. झटक्याने उजवी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "पुढच्या सहा आठवड्यांत मूठ सुटायला लागली तर हात कामाला येईल. नंतर मी भरवसा देत नाही. आणि मेहनत त्यांनाच करायला हवी."

बाबा मेहनत करेनात. व्यायाम करून घेणाऱ्या ताई रोज एक ते दोन यायच्या, हाताला तेल चोळायच्या, "मास्तर, एक तरी बोट उघडा बघू," म्हणायच्या. बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "पुरे." चालायचं म्हटलं तरी तेच. कुणी बघतंय एवढं कळलं की मटकन खाली बसायचे. ज्या माणसाने आयुष्यभर चारचौघांना शिकवलं, त्याला आता चारचौघांसमोर चुकायचं नव्हतं. मला कळत होतं, पण सहा आठवड्यांना ते कोण समजावणार?

आणि मुलगा काय करत होता? मुलगा स्किमर बघत होता.

झालं असं, की बाबा दवाखान्यातून घरी आले त्याच सुमाराला फेस बसायला लागला. सकाळी कप घाण पाण्याने भरलेला, सगळं छान. संध्याकाळी नवरा घरी येऊन कपाट उघडतो तर फेस मेलेला, नुसतं पाणी. मध्यरात्रीपर्यंत पुन्हा हळूहळू चढायचा. दुसऱ्या दिवशी तेच. त्याने नळ्या धुतल्या, पंप उघडून बसवला, स्किमरच्या अंगावर पेन्सिलने रेघा मारल्या. शेवटी जाहीर केलं, "गेलं हे. नवीन घ्यायला हवं."

तिथून घराचं दुकान झालं. हा उंच घ्यावा की बुटका? त्याचा पंप आत की बाहेर? रोज फोनवर माशांच्या दुकानदाराशी तासभर. पुठ्ठ्याचे खोटे स्किमर कापून कपाटात उभे करून बघायचा. या सगळ्या धावपळीत बाबांच्या खोलीच्या दारात मात्र दोन मिनिटं. "बरं वाटतंय ना, बाबा?" उत्तराची वाटही न बघता परत टाकीपाशी. माझा नुसता संताप व्हायचा.

पहिला नवीन स्किमर आला. कपाटात चपखल बसला. नवरा खूश. दुसऱ्या दिवशी कप रिकामा करायला गेला, तर कप वर उचलायला जागाच नाही! ज्या माणसाचा अख्खा जन्म लिफ्टच्या वर किती जागा सोडायची हे मोजण्यात गेला, त्याने स्किमरच्या वरची जागा मोजली नव्हती. मी हसले. तो हसला नाही, आणि तेव्हा मला त्याची पहिल्यांदा काळजी वाटली.

दुसरा बुटका आणला. कप निघाला, पण संध्याकाळी फेस बसला. तोपर्यंत तीन आठवडे उलटले होते. बाबांची मूठ होती तशीच, ताई रोज मान हलवून जात होत्या. कडेचं जांभळं पोवळं आक्रसायला लागलं. नवरा खोलीतून खोलीत येरझाऱ्या घालायचा, आणि एकदा मी अडवलं तर म्हणाला, "अगं, यातलं एक तरी माझ्याच्याने सुधारू दे!"

तिसरा स्किमर मागवला त्या संध्याकाळी दुकानदाराने त्याला विचारलं, घरात कुणी टाकीत हात घालतं का, क्रीम वगैरे लावलेला? झालं. फोन ठेवून साहेब थेट माझ्यापुढे.

"तू टाकीत हात घातलास?"

"मी?"

"वरची जाळी रोज तिरकी असते. मी सरळ ठेवून जातो."

"तुझ्या त्या डबक्यात हात घालायला मला वेळ आहे? मी चारला कामावरून येते ती तुझ्या बापाचं करू, स्वयंपाक करू, का तुझ्या माशांना मुजरा करू?" आणखीही बरंच बोलले. नको तेही बोलले, की बापाचा हात धरायची हिंमत नाही म्हणून टाकीत तोंड खुपसून बसतोस. तो पांढराफटक पडला आणि बाहेर निघून गेला.

मी धुसफुसत भांडी घासायला घेतली. टब साबणाच्या फेसाने तुडुंब भरला होता. त्यात तेलकट कढई आदळली, आणि बघता बघता फेस बसला. माझे हात तिथेच थांबले.

आमच्या घरात रोज दुपारी दोन वाजता तेलाचा हात कुणाचा असतो?

छे, म्हटलं, शक्यच नाही. टाकी बाबांच्या पलंगापासून अकरा पावलांवर. ते तर आधाराशिवाय एक पाऊल टाकत नाहीत. सकाळपासून थांबणारी बाई दोनला गेली की चारपर्यंत तेवढे ते एकटे असतात, हातापाशी फोन ठेवून. तरी रात्रभर जिवाला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकली, लिफ्टच्या कामावरून नवऱ्याला ओढून आणलं, आणि अडीच वाजता आम्ही आमच्याच घराचं दार चोरासारखं उघडलं.

बाबा टाकीपाशी उभे होते. आमच्याकडे पाठ. डावा हात भिंतीला टेकलेला, जाळी बाजूला सरकवलेली, उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात. मूठ मिटलेली. कोळंबी दगडावरून बघत होती. "थांब गं," बाबा तिला म्हणाले, "घाई करू नकोस." करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. किती वेळ लागला देव जाणे. दोन बोटं सुटली आणि निम्मा तळवा उघडा झाला, तशी ती कोळंबी टुणकन आली आणि बाबांचा तळवा टोचून टोचून साफ करायला लागली. बाबा हसले. आजारपणानंतर मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे वाहत होते आणि तो जराही हलत नव्हता. आम्ही दार लोटून घेतलं आणि चार वाजेपर्यंत जिन्यात बसून राहिलो. दीड तास, हा माणूस, एका पायरीवर!

"सांगायचं नाही," एवढंच तो म्हणाला. "सांगितलं तर बंद करतील."

तिसरं खोकं न उघडताच परत गेलं. जांभळं पोवळं त्याने उचलून दुकानदाराच्या टाकीत सांभाळायला दिलं. दुसऱ्या दिवशी पलंगापासून टाकीपर्यंतच्या भिंतीला धरायला दांडा ठोकला. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "वायरी अडकवायला." बाबा "बरं" म्हणाले. तेव्हापासून घरी आला की चपला काढायच्या आधी कपाट उघडायचा, आणि फेस बसलेला दिसला की चेहरा उजळायचा. एके दिवशी फेस चढलेला दिसला, तर तसाच बाबांच्या खोलीकडे धावला. बाबांना नुसती सर्दी झाली होती. त्या दिवशी तो पहिल्यांदा त्यांच्या पलंगावर टेकला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत उठला नाही.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी हात तपासला. तीन बोटं सुटत होती. "कुठला व्यायाम करता, मास्तर?" त्यांनी विचारलं. बाबा भिंतीकडे बघत राहिले. नवरा छताकडे. मी पिशवीत काहीतरी शोधत बसले.

त्या संध्याकाळी बाबा दांडा धरून स्वतःहून बाहेर आले, आमच्या दोघांच्या देखत, आणि खुर्चीत बसले. पाय लटपटत होता, पण आले. नवरा टाकीपाशी उभा होता.

"ऐक," बाबा म्हणाले. "ते पाणी जरा कोमट ठेवत जा. बोटं आखडतात."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून कपाट उघडलं आणि पाणी तापवणाऱ्या हीटरचा काटा अर्ध्या अंशाने वर सरकवला. बाही दुमडून हात पाण्यात घातला, आणि ऊब येते का ते बघत तसाच उभा राहिला.