सुमनची पाठ

सुमन पालथी झोपली होती आणि फिजिओथेरपिस्ट बाई तिच्या पाठीवर प्लास्टिकचे छोटे पेले लावत होत्या. पंपाने आतली हवा ओढली, की पेल्यात कातडी फुगून वर यायची आणि हळूहळू जांभळी व्हायची. मी शेजारच्या स्टुलावर बसून बघत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोची पाठ अशी निवांत मी कधी पाहिलीच नव्हती.

"आखडलेले स्नायू जरा सैल होतील," बाई म्हणाल्या. "पण काही दिवस वजन उचलू नका."

"बरं," सुमन म्हणाली.

आमची मुलगी सानिका वीस वर्षांची आहे. तिला जन्मापासून चालता येत नाही. पलंगावरून व्हीलचेअरवर, तिथून बाथरूममध्ये, सुमनच तिला उचलते. माझं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून मला जड उचलायला बंदी आहे. दुखणं असं पेल्यात ओढून घेता येत असेल, तर त्यातलं थोडं माझ्या पाठीत यावं, असं मला तिथे बसल्या बसल्या वाटत राहिलं. पण आपल्या माणसाचं दुखणं आपल्याला फक्त बघता येतं.

घरी पोचलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या काकू सानिकापाशी बसल्या होत्या. आईला बघताच सानिकाने पलंगावरून दोन्ही हात वर केले.

"थांब, मी उचलतो," मी म्हणालो.

"तुम्ही व्हीलचेअर धरा," सुमन शांतपणे म्हणाली आणि लेकीच्या काखेत हात घालून वाकली.

मी व्हीलचेअर घट्ट धरून उभा राहिलो.