मॉर्निंग ड्युटीच्या सायकली

अश्विनने गाडी घेतली तेव्हा तिला पहिला हार प्रेमिलाबाईंनीच घातला. शोरूमवाल्याने किल्ली अश्विनच्या हातात ठेवली आणि त्याने ती आईच्या हातात दिली. प्रेमिलाबाईंचे सासरे धम्मदीक्षेच्या वर्षी उमरेडहून पायी नागपूरला आले होते आणि परत गेलेच नाहीत. नवरा देवराव रेल्वेत फिटर. सायकलवर नोकरीला लागले आणि सायकलवरच रिटायर झाले. तिसऱ्या पिढीला चार चाकं आली. घरी पोचल्यावर प्रेमिलाबाईंनी आधी देवरावांच्या फोटोपुढे किल्ली ठेवली, मग पेढे वाटायला निघाल्या.

गाडी ठेवायला जागा नाही, हे पेढे संपल्यावर लक्षात आलं. इंदोऱ्यातलं त्यांचं घर थेट रस्त्याला लागून. अंगण नाही, नुसती ओसरी, आणि त्या ओसरीत भिंतीला टेकून प्रेमिलाबाईंची जुनी लेडीज सायकल. गाडी दारापुढे रस्त्यावर राहू लागली. सगळ्यांच्याच राहत होत्या. सायकलचं मात्र त्या दिवसापासून बाहेर निघणं बंद झालं. मेडिकल हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झाल्यावरही प्रेमिलाबाई जरीपटक्याच्या बाजारात भाजीला सायकलनेच जात. आता अश्विन म्हणाला, "लोकं काय म्हणतील? पोराजवळ कार, अन् माय सायकल हाणून राहिली." मुलाचा मान ठेवायचा म्हणून त्यांनी सायकलवर चादर घातली.

दिवाळी झाली आणि महापालिकेची माणसं आली. त्यांनी रस्त्याच्या कडेने हिरवा पट्टा रंगवला, त्यावर पांढऱ्या रंगाने सायकलचं चित्र काढलं आणि बाजूने प्लास्टिकचे खांब ठोकले. सायकल ट्रॅक झाला म्हणे. त्यातले अर्धे खांब लवकरच आडवे झाले. पट्ट्यावर एक पाणीपुरीचा ठेला आला, कोणाच्या तरी बांधकामाची रेती आली, आणि पूर्वी होत्या तशा गाड्याही आल्या. मग एका सकाळी वाहतूक पोलिसाने अश्विनच्या गाडीच्या चाकाला जॅमर लावला. दंड भरून तो घरात आला तो तणतणतच.

"चोराच्या पायात बेडी घालावी तशी घातली बाप्पा! आई, रविवारी विहारात सभा आहे. भैय्याजीनं बोलावली. हा ट्रॅक काढा म्हणून सगळ्यायच्या सह्या घेऊन राहिले. तू बोलजो तिथं."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"तुले नाही तं कोणाले समजते? तीस वर्षं मेडिकलले सायकलनं गेली तू. किती हाल झाले ते सांग. कडबी चौकात उन्हानं चक्कर येऊन पडली होती ना? तेच सांग. हे ट्रॅकवाले कोण आहेत माहीत आहे काय? रविवारी कारवर सायकल लादून फुटाळ्याच्या तलावाले जातात, एक चक्कर मारतात, फोटो काढतात, अन् कारनंच घरी येतात. अन् आपल्याले सांगतात सायकल चालवा! त्यायच्या घरी आजोबापासून गाड्या. आपल्या घरी आत्ता कुठं आली."

"आली, पण ठेवाले जागा नाही आली," अश्विनची बायको नंदिनी तव्यावरची पोळी उलटत म्हणाली.

"नंदिनी, तू मधात नको बोलू."

"मी कुठं बोलून राहिली? मी तं पोळ्या करून राहिली."

प्रेमिलाबाई हसल्या नाहीत. पोराच्या बोलण्यात खोट काढावी असं त्यांना काही सापडत नव्हतं. सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा कडुलिंबाची झाडं गेली. मे महिन्यात त्या पट्ट्यावर उघड्या डोक्याने कोण जाईल? आणि पट्टा तरी कुठे जातो? पुढच्या वळणावर ट्रान्सफॉर्मरपाशी संपतो. राहिली हालांची गोष्ट. ती तर त्यांनीच सांगितलेली होती.

वस्तीची ती रीतच होती. प्रत्येक घरात पोरांना अभ्यासाला बसवायची एक गोष्ट असे. कोणाच्या बापाने पाठीवर पोती वाहिलेली, कोणाच्या मायने रात्रभर बिड्या वळलेल्या. प्रेमिलाबाईंच्या घरातली गोष्ट सायकलची. अश्विनने पुस्तक मिटलं की त्या चिखलाचे शिंतोडे उडालेला पांढऱ्या साडीचा काठ त्याच्यापुढे धरत. "हे पाह्य. तुही माय सायकल हाणते म्हणून तू शाळेत जाते." पोरगं निमूट पुस्तक उघडे. त्या गोष्टीवरच तो इंजिनिअर झाला. सुखाची गोष्ट सांगितली असती तर कोणतं पोरगं अभ्यासाला बसलं असतं?

आणि सुखाची गोष्ट होती. ती सांगायची कधी वेळच आली नाही.

वस्तीतल्या काही बाया मेडिकलला नोकरीला होत्या. कोणी नर्स, कोणी आया. मॉर्निंग ड्युटी असली की शेवटच्या घरातली यशोधरा आधी निघे आणि एकेका दारापुढे थांबून घंटी वाजवी. हाक मारायची नाही. घरात नवरा झोपलेला, सासू जागी. म्हणून प्रत्येकीची घंटी वेगळी ठरलेली. प्रेमिलाची दोन लांब. यशोधराला कधी उठायला उशीर झाला तर तिच्या दारात तीन तुटक. थंडीत रस्त्यावर धुकं असे आणि त्यात या पांढऱ्या साड्या, पदराला पिन, निऱ्या पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेल्या. कडबी चौक येईपर्यंत कुजबुज, तो ओलांडला की आवाज मोकळे. बर्डीच्या बाजाराचा रस्ता सगळा रिकामा, आडव्या रांगेत जायच्या. उन्हाळ्यात दुपारी परतताना लू लागू नये म्हणून प्रत्येकीच्या पिशवीत एक कांदा. वॉर्डात त्याचा वास आला की डॉक्टर विचारत, आज जेवायला काय आणलं सिस्टर? पुलाच्या उतारावर यशोधरा दोन्ही हात सोडून द्यायची. चहाच्या टपरीवरची माणसं कप ओठाशी धरून बघत राहत.

रविवारी विहारात त्रिशरण झालं. बाप्ये एका अंगाला, बाया दुसऱ्या अंगाला सतरंजीवर. मागे भिंतीशी एका खुर्चीवर यशोधराबाई बसल्या होत्या, गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नसे. भैय्याजी विहार समितीचे सेक्रेटरी. त्यांच्या घरापुढे त्यांचा स्वतःचा टेम्पो उभा असे. त्यांनी ट्रॅकचे तोटे सांगितले, माणसांनी माना डोलावल्या. मग अश्विन उठला. "सायकलचं खरं काय ते माझी आई सांगेल. तिनं भोगलं आहे."

प्रेमिलाबाई उभ्या राहिल्या. सर्वांना जय भीम म्हणाल्या. गोष्ट तोंडपाठ होती, सुरूही झाली. ऊन, पाऊस, पंक्चर, घरी तान्हं लेकरू. बाया चुकचुकल्या. "अन् एकदा मे महिन्यात," त्या म्हणाल्या, "कडबी चौकात मी सायकलवरून..."

तेवढ्यात त्यांची नजर यशोधराबाईंकडे गेली. यशोधराबाईंनी पदर तोंडाला लावला होता. खांदे हलत होते. त्या हसत होत्या.

प्रेमिलाबाईंनाही हसू फुटलं.

"उन्हानं नाही पडली बाप्पा मी," त्या म्हणाल्या. "हसून पडली. हे यशोधरा तिथं बसली, इनं मेट्रनची नक्कल केली. हात सुटला अन् मी धपकन खाली. दोघी रस्त्यात बसून हसत होतो. एक रिक्षावाला पाणी घेऊन आला, त्याले वाटलं चक्कर आली. घरी मी तेच सांगितलं."

सभेत हशा पिकला. अश्विन हसला नाही.

"हाल झाले, ते काही खोटं नाही," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "पण घरी सासू होती अन् दवाखान्यात मेट्रन होती. मधातला रस्ता तेवढा आमचा होता. तिथं कोणी पाणी मागत नव्हतं, कोणी बेडपॅन मागत नव्हतं. पोरानं गाडी घेतली, मले अभिमान आहे. कोणी म्हणेल गाड्या इकून टाका, तं मी त्याच्याशी भांडीन. पण गाडीत मले कोणी नेलं तं मी जाते. सायकलवर मी माझी जात होती. तो पट्टा राहू द्या. त्याच्यावर झाडं मागा, तो पुढं न्या म्हणून भांडा. काढता काहून?"

"मग प्रेमिलाताई, गाड्या कुठं ठेवाव आम्ही?" भैय्याजी म्हणाले. "डोक्यावर?"

"तुमच्या डोक्यावर ठेवा. बाकीच्यायच्या रस्त्यावर नका ठेवू."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी बायांच्या बाजूने जास्त. ट्रॅक काढायला कोण कोण तयार, भैय्याजींनी विचारलं. बाप्यांच्या रांगांतले हात झटकन वर गेले. अश्विनचा हात अर्धा उठला आणि कानामागे खाजवून खाली आला. बायांच्या सतरंजीवरून एकही हात उठला नाही. नंदिनीने तर दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. भैय्याजींनी घसा खाकरला. "बायायच्या सह्या नसल्या तं अर्ज वस्तीचा कसा म्हणाव? पुढच्या सभेत पाहू." ट्रॅक राहिला असंही कोणी म्हणालं नाही, गेला असंही नाही.

घरी आल्यावर अश्विन ओसरीत चपला काढता काढता म्हणाला, "इतकी वर्षं खोटं सांगितलं तू मले?"

"खोटं नाही. अर्धं."

"मी त्या गोष्टीवर शिकलो, आई."

"म्हणूनच तं बाकीची नाही सांगितली."

तो आत निघून गेला. जेवताना नंदिनीने दोनदा वाढू का विचारलं, त्याने दोनदा मान हलवली.

सकाळी प्रेमिलाबाई झाडू घेऊन बाहेर आल्या तर दारापुढचा हिरवा पट्टा मोकळा. तिथे वाळकी पानं आणि ऑइलचा एक काळा डाग. गाडी नव्हती. थोड्या वेळाने अश्विन विहाराच्या बाजूने पायी येताना दिसला, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात दगड.

"विहारामागच्या मैदानात लावली," तो म्हणाला. "कुत्रे लय आहेत तिथं. रोज जमन का नाही, सांगता येत नाही." दगड त्याने नालीत टाकला. ओसरीकडे न बघताच म्हणाला, "हवा भरून ठेवली. मागचा ब्रेक ढिला आहे. मोठ्या रस्त्यावर जाजो नको."

प्रेमिलाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. सायकलवरची चादर काढून घडी केली. पेडलवर पाय ठेवताना गुडघा कुरकुरला, सुरुवातीला चाक वाकडं गेलं. मग पट्ट्याची कडा पकडता आली. हँडलला हात लागला की पाठ आपोआप सरळ होते, हे त्या विसरल्या होत्या. रेतीच्या ढिगाला वळसा घालून त्या शेवटच्या घरापाशी थांबल्या आणि घंटी वाजवली. तीन तुटक.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. विस्कटलेले पांढरे केस बाहेर आले.

"काय वं प्रेमिला, ड्युटी आहे काय?"

"नाही वं. उगीच आली."

यशोधराबाई प्रेमिलाबाईंकडे, मग सायकलकडे, मग मोकळ्या पट्ट्याकडे बघत राहिल्या.

"थांब मंग," त्या म्हणाल्या. "काठी घेऊन येते. मी पायी, तू सायकलवर. पण हळू हाण."