प्रोग्रामातला खंडेराव

लंकाबाईने आपल्या थोरल्या दिराला कधी पाहिलं नव्हतं. ती लग्न होऊन या मळ्यात आली त्याच्या आधीच खंडेराव विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला होता. पण नाथाशी संसार करायचा आणि खंडेरावाला ओळखायचं नाही, हे होण्यासारखं नव्हतं. शेवंती तोडता तोडता सुद्धा नाथाच्या तोंडी दादाच. दादा अनवाणी खेळायचा, कोपऱ्यावरून चेंडू असा वळवायचा की गोलकीपर नुसता बघत राहायचा. देवळालीच्या कॅम्पात तेव्हा ढालीसाठी फुटबॉलचे सामने होत. त्यातल्या अंतिम सामन्याला माळ्याचं पोर उतरलं ते पहिल्यांदाच, आणि ते म्हणजे दादा.

घरात त्याचा फोटो नव्हता. एक होता, तो सासूबाईंनी अस्थींबरोबर गावातल्या नदीत, गंगेत, सोडला. "डोळ्यासमोर नको," म्हणाल्या. पुढे जीव जाईपर्यंत तोच मागत राहिल्या. पितृपक्षात बाकीच्यांच्या तसबिरी पाटावर लागायच्या आणि खंडेरावाच्या जागी तांदळावर सुपारी.

"मला त्याचा आवाज आठवतो, पळणं आठवतं," नाथा म्हणायचा. "तोंड आठवत नाय गं. सख्ख्या भावाचं तोंड, आणि आठवत नाय."

त्याची सगळी आशा त्या सामन्याच्या प्रोग्रामवर होती. प्रोग्राम म्हणजे मैदानाच्या दारात विकत मिळणारी चार पानी पुस्तिका. अंतिम सामन्याच्या प्रोग्रामात तेवढे दोन्ही संघांचे फोटो आणि खाली खेळाडूंची नावं; बाकीच्यांत नुसती नावं. नाथा दर बुधवारी गंगेवरच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात हात घालून बसायचा. एका बुधवारी तो नाचतच घरी आला. प्रोग्राम मिळाला होता. फोटोत मोठ्या कपाळाचा, बारीक मिशीचा एक तरुण, आणि खाली छापलेलं, खंडेराव. नाथाने दुकानात जाऊन त्याला प्लॅस्टिक चढवलं आणि देव्हाऱ्याशेजारी लावलं. त्या वर्षापासून लंकाबाई अष्टगंध उगाळायची, ओल्या बोटाने त्या कपाळावर टिळा लावायची, हात जोडायची. सुपारी डब्यात गेली.

मग नाथाला नादच लागला. दादा जिथे जिथे खेळला त्या सगळ्या वर्षांचे प्रोग्राम जमवायचे. ट्रंक भरत आली.

"लोकं सोनं पारखतात, तुम्ही रद्दी पारखा," लंकाबाई चिडवायची.

"अगं, ह्याला डोळे नाय, बोट लागतं," तो सांगायचा. "शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेलं पान मागून चाचपलं की अक्षर हाताला लागतं. झेरॉक्सचं पान मागून गुळगुळीत." शिवाय ते छापणारा छापखाना मुळात लग्नपत्रिकांचा. तो सवयीने फुटबॉलच्या प्रोग्रामवरही वर गणपती छापायचा, आणि त्या गणपतीच्या ठशाची सोंड टोकाला तुटलेली होती. जमवलेल्या प्रत्येक प्रोग्रामवर तुटक्या सोंडेचाच गणपती.

हे सांगता सांगताच एक दिवस तो थांबला. उठून देव्हाऱ्याशी गेला. तिथल्या प्रोग्रामवर गणपती होता, पण सोंड धड होती. नाथाने ब्लेडने प्लॅस्टिक कापलं, मागून बोट फिरवलं. गुळगुळीत. बाजारातल्या कुणीतरी त्याची हाव ओळखून भलत्याच संघाच्या फोटोखाली नावं जुळवली होती.

"इतकी वर्षं कुणाला गंध लावलं आपण?" लंकाबाईने विचारलं.

सुपारी डब्यातून परत बाहेर आली. त्यानंतर नाथा दादाचं बोलेनासा झाला आणि शोधायचा तेवढा शोधत राहिला. मळ्याचा बराच तुकडा इंदिरानगरच्या बिल्डिंगांखाली गेला, गुडघे गेले, तरी बुधवार चुकला नाही.

यंदा सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी समाधानचा फोन आला. हा समाधान जुनी घरं रिकामी करून सामान उचलायचा. देवळालीतल्या एका वारलेल्या रेफरीच्या पेटीत काहीतरी सापडलं होतं. नाथा रिक्षा करून गेला आणि संध्याकाळी आला तो छातीशी पिशवी धरून.

"मागून हात फिरवला," एवढंच तो म्हणाला. "सोंड पण बघितली. आणि भुवईवरची खोक. चिंचेवरून पडला होता दादा. मी विसरलोच होतो बघ." म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला.

"समाधानला मोबाईलवर फोटो काढायला नाही सांगितलं?"

"काढू का म्हणत होता. मी म्हटलं, राहू दे. नकलेनंच तर घात केला. उद्या दादाला जेवू घालू, परवा स्टुडिओत नेऊ."

लंकाबाईने चूल बघता बघता प्रोग्रामवर नजर टाकली. चष्मा जवळ नव्हता. सकाळी नीट बघू, म्हणाली.

सकाळी नाथा तर्पणाला गंगेवर गेला. लंकाबाईने अंघोळ केली, पाट मांडला, तसबिरी लावल्या, मधे प्रोग्राम उघडून ठेवला. गडबडीत चष्मा घालायचा राहिलाच. सुपारीचा डबा तिने मुद्दाम वरच्या फळीवर टाकला. आज सुपारी नको, आज भाऊजी स्वतः आलेत. सहाणेवर अष्टगंध भरपूर उगाळलं आणि सगळ्या तसबिरींना लावत लावत त्याच ओल्या बोटाने, काल नाथाने दाखवलेल्या जागी, खंडेरावाच्या कपाळावर टेकवलं.

तसबिरींवर काच होती. आधीच्या त्या खोट्यावर प्लॅस्टिक होतं. हा नुसता कागद होता, बिस्किटासारखा ठिसूळ झालेला. गंध कपाळावरून डोळ्यांत, डोळ्यांतून गालावर पसरलं. "देवा," ती म्हणाली आणि पदराच्या टोकाने टिपायला गेली. पदराला लगदा आला. तो छापलेल्या तोंडाचा होता. पानावर राहिलं बोटाएवढं भोक.

नाथा आला तेव्हा ती तशीच पाटासमोर बसली होती. पदर मुठीत.

"अहो, मी गंध लावलं."

तो खाली बसला. प्रोग्राम उचलला, भोकाकडे बघितलं, आणि पान उलटून मागून बोट फिरवलं. नावाचे उंचवटे तेवढे हाताला लागले असावेत.

"खरा होता गं," तो म्हणाला.

"मला मारा, बोला काहीतरी."

"कशाला बोलू? तू काय परक्याला लावलंस?" त्याने पान पुन्हा सुलटं केलं. मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, "लंका, मी काल डोळ्यांत पाणी घेऊनच बघितला. भुवई आठवते. बाकीचं पुन्हा जायला लागलं. तू काल बघितलास ना? सांग, कसा होता. लवकर सांग."

लंकाबाईने डोळे मिटले. माणूस लगेच समोर आला. "कपाळ मोठं," ती म्हणाली. "डोळे शांत. आणि मिशी, बारीक..."

हा तर प्लॅस्टिकमधला, खोटा होता. इतकी वर्षं जोडलेल्या हातांसमोर तोच बसला होता, आणि आता तो उठून खऱ्याला जागा देईना.

"मिशी बारीक," नाथाने मान हलवली. "हां. तसाच."

त्याला कळलं होतं की नाही, हे तिला विचारवेना. ती उठली, वरच्या फळीवरून डबा काढला आणि तांदळावर सुपारी ठेवली. गंध लावायला बोट पुढे नेलं, आणि मागे घेतलं.