तळातलं झाकण

स्विमिंग पूलची खोल बाजू जमिनीतून वीतभर वर आली होती. निळ्या टाइल्सना या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता. मी काठावर उभी राहून तडा बघत होते आणि शेठ माझ्याकडे बघत होते. दोन दिवसांवर पंधरा ऑगस्टची जोडून सुट्टी, रिसॉर्टच्या सगळ्या खोल्या बुक.

"मॅडम, पूल जमिनीच्या बाहेर कसा येतो? ये कैसे हुआ?" शेठनी विचारलं.

कसं झालं ते मला बघताक्षणी कळलं होतं. "आधी मोजमाप घेते," मी म्हटलं.

मी सिव्हिल इंजिनिअर. गोंदियात वीसेक वर्षं घरं, गोदामं, राईस मिलच्या शेड अशी कामं करते. हे शेठ मिलवालेच. नवेगाव बांधच्या तळ्याच्या बाजूला त्यांनी धानाच्या बांध्या, म्हणजे मातीच्या बांधांनी आखलेली भाताची शेतं, विकत घेतली आणि रिसॉर्ट काढलं. पूलचं ड्रॉइंग नागपूरहून आलं. मिस्त्री मी तिथलाच घेतला. हिवराज त्याचं नाव. पन्नाशीचा माणूस, जन्म विहिरी आणि बोड्या बांधण्यात गेलेला. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला शेतात केलेलं लहान तळं. ड्रॉइंग तो उलटं धरायचा, भिंत मात्र सरळ उभी करायचा.

टाइल्स बसवायच्या आधी मी तळ तपासायला उतरले, तर खोल बाजूला चार इंची पाइप तळातून वर आलेला आणि त्यावर झाकण.

"हे काय हिवराजभाऊ? ड्रॉइंगमध्ये तर नाही."

"ड्रॉइंगवाल्यानं हे जमीन पाहिली हाय का?" तो म्हणाला. "धानाचे पऱ्हे रोवले का चहूबाजूंनी बांध्या भरतेत, मॅडम. खालून पानी चढते. टाका भरलेला हाय तोवर चिंता नाही. रिकामा केला का तो टाका नाही राहत, डोंगा होते. डोंगा पान्यावर येनारच ना?"

त्याच्या बोलीत टाका म्हणजे पूल आणि डोंगा म्हणजे होडी. पाइपाच्या खाली त्याने जाळी लावून गिट्टीचा, म्हणजे खडीचा, जाड थर दिला होता. पूल रिकामा करायच्या वेळी झाकण काढायचं, खालचं पाणी पाइपातून आत येतं आणि तळावरचा जोर उतरतो. कॉलेजात हे मी शिकले होते. खालून वर ढकलणाऱ्या या जोराला अपलिफ्ट म्हणतात. परीक्षेत लिहिलंही होतं. पण मिस्त्रीने सांगितलं म्हणून मला ते अर्धवटच पटलं.

शेठना अजिबात पटलं नाही. "पूल में ढक्कन? गेस्ट काय म्हणतील, गटार आहे म्हणतील! बंद करा ते."

मी बंद करायला सांगितलं. हिवराज खाली बसला, झाकणाकडे बघत राहिला.

"काऊन बंद करून राहिले, मॅडम? कोनाले तरास देऊन राहिला का तो?"

"मालकाचा हट्ट आहे. करा बंद."

"ठीक हाय. पन एक गोष्ट लिहून द्या त्याहिले. पावसाळ्यात टाका रिकामा करू नोका म्हनून. माझं कोन आयकते? तुमचा कागद आयकतील."

"लिहिते," मी म्हटलं. त्याने काँक्रीट भरलं, वर निळ्या टाइल्स लागल्या.

काम संपलं की मालकाला आम्ही हँडओव्हरचं पत्र देतो. काय बांधलं, काय वापरायचं, काय जपायचं, ते त्यात असतं. माझं पत्र दोन पानी होतं. पंपाचं लिहिलं, फिल्टरचं लिहिलं, टाइल्स कशाने पुसायच्या तेही लिहिलं. ती एक ओळ लिहायची राहिली. राहिली म्हणजे विसरले. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडत नाही.

ऑगस्टमध्ये पाणी हिरवट झालं. सुट्टीची गर्दी यायच्या आत पूल घासून काढावा म्हणून मॅनेजरने पंप लावून तो कोरडा केला. आजूबाजूच्या बांध्या तुडुंब होत्या. सकाळी पूल वर आलेला.

"मला लेखी पाहिजे," शेठ म्हणाले. "गलती किसकी?"

माझ्यापुढे त्यांच्याच नव्या गोदामाचं काम होतं. मी लिहिलं, 'तळाच्या कामात मिस्त्री हिवराज यांच्याकडून झालेल्या त्रुटींमुळे.' खाली सही, शिक्का. चांगलं वळणदार अक्षर आलं.

शेठनी त्या कागदाचा फोटो रिसॉर्टवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तळ्याच्या काठाने तेव्हा होमस्टेंची कामं निघाली होती, आणि तीन ठिकाणी हिवराजची बोलणी झालेली होती. आठवडाभरात तिन्हीकडून नकार आला. त्याच्या गावात बातमी पोचली ती अशी, की हिवराजने बांधलेला टाका उपटून वर आला.

दुरुस्तीला नागपूरची एजन्सी आली. त्यांनी पाणी उतरेपर्यंत थांबून तळ फोडला. नेमकी तीच जागा. त्यांच्या इंजिनिअरने खाली हात घातला आणि हाक मारली, "अरे, इथे तर गिट्टीचा थर आहे! जाळीसकट. कोणी केलं हे? माणूस जाणकार आहे."

"आपल्या मॅडमच्या देखरेखीत झालंय," शेठ अभिमानाने म्हणाले.

त्या जागी एजन्सीने खालचं पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह बसवला. इंग्रजी नाव होतं, चकचकीत होता, पाहुण्यांना दिसतो. शेठना तो गटार वाटला नाही.

व्हॉल्व्ह बसला त्या संध्याकाळी मी हिवराजच्या घरी गेले. तो दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली रोजीने जात होता, नुकताच परतून हातपाय धूत होता. बायकोने खाट टाकली, चहा दिला. मी म्हटलं, "भाऊ, चूक माझी होती. गोदामाचं काम आहे, चला."

"मॅडम, मी सांगतलो होतो का नाही?"

"सांगितलं होतं."

"मंग कागदात माझं नाव कायले टाकले?"

तो टॉवेलने हात पुसत राहिला. आवाज चढवला नाही.

"कागद तुमचा हाय. तुम्हीच खोडा. मंग पाहू."

मी दुसरं पत्र लिहिलं. पाइप मिस्त्रीने योग्य ठेवला होता, तो मी बंद करायला लावला, सूचना द्यायची मी विसरले. सही, शिक्का. शेठनी वाचलं, घडी करून टेबलाच्या खणात ठेवलं. "अब छोडो ना मॅडम, पुरानी बात." गोदाम त्यांनी दुसऱ्या इंजिनिअरला दिलं. ते पत्र घेऊन मी तिन्ही होमस्टेंवर गेले. तिथे नवे मिस्त्री लागून भिंती खांद्याइतक्या झाल्या होत्या.

पहिल्या कागदाचा फोटो त्या ग्रुपवर अजून आहे, असं ऐकते. दुसरा कोणी टाकला नाही.

आता मिस्त्रीने सांगितलेली गोष्ट मी पत्रात सर्वांत वर लिहिते, त्याच्या नावासकट. नवे मिस्त्री खूश होतात. हिवराजला मी दर कामाला फोन करते. तो उचलतो, "रामराम मॅडम" म्हणतो, घरच्यांची चौकशी करतो, आणि कामाला नाही म्हणतो.