दोन भावांचं कुलूप
कपाटाचा खालचा खण उघडला की ग्रीसचा वास येतो आणि उरणच्या खाडीलगतचे ते दोन गाळे डोळ्यांसमोर येतात. दोन भावांचे, मधे एकच भिंत, भिंतीत दार. कंपनीला कंटेनरसाठी नव्या तऱ्हेचं कुलूप हवं होतं आणि अशी कामं बाहेरच्या कारागिरांकडून करून घेणं ही माझी नोकरी. सगळी रचना एकाच्या हाती लागू नये म्हणून अर्धं कुलूप मी थोरल्याला दिलं, अर्धं धाकट्याला, आणि कामाबद्दल कुणाशीही बोलणार नाही अशा कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. "भावाशी पन न्हाय?" थोरल्याने विचारलं. "भावाशीपण नाही," मी हसून म्हणालो. पुढच्या खेपेला त्या दारावर गोणपाट टांगलेलं होतं. एरवी एका डब्यात जेवणारे दोघे आपापल्या गाळ्यात एकटे जेवत होते. आठ महिने मी एकाची मापं दुसऱ्याकडे नेली-आणली, भाग काही जुळेनात. मग एका दुपारी थोरला कामावरच छातीत कळ येऊन गेला. तेराव्यानंतर धाकट्याने माझ्या टेबलावर जोडलेलं कुलूप ठेवलं. "दादाचं सामान आवरताना ह्यो भाग गावला. माझ्या भागावर ठेवला, दोनदा कानस मारली, बसला. आता तरी कंपनी घेल ना, साहेब?" कंपनीने ते काम थोरला जाण्याच्या दोन महिने आधीच गुंडाळलं होतं. दोघांना सांगायचं मीच टाळत होतो आणि थोरला शेवटच्या दिवशीही तोच भाग घासत होता. "ठेवून जा," मी म्हणालो. कुलूप अजून या खणातच आहे.