राईचा बांध आणि गटारीचा जिताडा

लोक प्रवासवर्णन लिहायला हिमालयात जातात. मी भाईंदर पश्चिमेला आमच्या बिल्डिंगसमोर रिक्षा पकडली आणि राईला गेले. नीट टेकून बसेपर्यंत गाव आलंसुद्धा. दादर सोडून इथे राहायला आल्याला बरीच वर्षं झाली, तरी मी त्या दिशेला कधी फिरकले नव्हते. मागच्या खिडकीतून दिसणारी हिरवी पट्टी म्हणजे तिकडे काहीतरी खाडीबिडी आहे, एवढाच माझा भूगोल.

ऑफिसातल्या मंदाने सासरी जेवायला बोलावलं होतं. "ताई, श्रावण लागायच्या आधी या. अवसेला आमच्याकडे मासे असतात." गटारीचं आमंत्रण नाकारण्याइतकी मी सात्त्विक नाही.

मंदाचं घर दोन इमारतींच्या मध्ये अंग चोरून बसलेलं, कौलारू. चहा व्हायच्या आतच तिचे सासरे, बाबा, मला बांध दाखवायला घेऊन निघाले; मंदाही आली. एका बाजूला खाडी आणि तिवरांचं रान, दुसऱ्या बाजूला शेतं. शेतं म्हणायची एवढंच, बहुतेकांत गवत माजलेलं. त्यांच्या पलीकडे इमारतींची रांग, आणि तिच्यात चक्क आमची बिल्डिंग. माझ्याच बाल्कनीतली चादर मला तिथून ओळखू आली.

बांध नुसता मातीचा, दोन माणसं शेजारी चालतील एवढा. निदान दगडी तरी असेल अशी माझी कल्पना होती.

"एवढ्याने खाडी अडते?" मी विचारलं.

"चिखल घातला त अडते," बाबा म्हणाले. "खेकरं बिलं पारतात, ती बुजवाया लागतात. पयले होळी झाली का ज्याचं शेत हाय त्या घरचा मानूस बांदावर यायचा. आता शेतं न्हाय, त मानसं न्हाय."

"मग आता कोण येतं?"

त्यांनी खाली बोट दाखवलं. गवताच्या मधोमध एकच तुकडा हिरवागार होता, लावणी नुकतीच झालेली, आणि त्यात मंदाच्या सासूबाई वाकून काम करत होत्या. त्यांना सगळे काकी म्हणतात. मंदा हळूच म्हणाली, "ह्यांनी आणि दिरांनी आईंना सांगितलंय. यंदा भात पिकलं तर शेत ठेवायचं, नाहीतर बिल्डरला देऊन टाकायचं."

बांधात एक उघाडी (पाणी जायचं लाकडी दार) आहे. भरती आली की खाडीचं पाणीच ते दार ढकलून बंद करतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते उघडतं. वीज नाही, पंप नाही. आमच्या सोसायटीचा पंप आठवून मला लाज वाटली. पण या दाराला माणसांनी एक खोड लावून ठेवली आहे. भरतीच्या वेळी दारात बांबू अडकवायचा, म्हणजे ते बंद होत नाही आणि पाण्याबरोबर मासेही आत येतात. बाबांनी सकाळीच बांबू अडकवला होता.

काकींनी शेतातूनच हाक दिली. "तो बांबू काडा. आज उधान हाय."

"काडतो गो. पावनी आयलीय. एक जिताडा येवदे."

"राहू द्या हो, बाबा," मी म्हणाले. फार जोर लावला नाही, हे कबूल करते.

"गटारीला पावनीच्या ताटात बाजारचा मासा वाडू?" बाबा म्हणाले, आणि आम्ही चहाला घरी गेलो.

चहा संपतो न संपतो तोच पावसाने जोर धरला आणि मागोमाग काकींची हाक आली. आम्ही धावलो. दारातून खाडी आत घुसत होती, आणि दाराच्या कडेची माती ढेकळाढेकळाने सुटत होती. बाबा छातीभर पाण्यात उतरले. पाण्याच्या दाबाने बांबू घट्ट बसला होता, हलेना. शेवटी त्यांनी कोयत्याने तो तोडला, तेव्हा दार धाडकन बंद झालं. मग पेंढा आणि चिखल घालून कड बुजवायची धांदल. मीही घमेली उचलली. दोनदा घसरून पडले, कुणी हसलं नाही.

काकी शेतात उतरल्या. साचलेल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं. चार पावलं पुढे जाऊन पुन्हा. खारं पाणी कुठवर पोचलंय ते बघत शेताच्या मधल्या बांधापर्यंत त्या अशाच चाखत गेल्या. मला बघवेना.

"अर्दं गेलं," त्या म्हणाल्या. बाबांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

जिताडा मात्र आला होता. काकींनीच तो केला आणि मधली तुकडी माझ्या ताटात घातली. "खा बाय, गार होतंय." खोटं कशाला सांगू, असा मासा मी दादरला कधी खाल्ला नव्हता, आणि एकेक घास गिळताना जीव नकोसा होत होता. बाबांनी नुसता भात कालवला.

संध्याकाळी रिक्षाने घरी आले. मागच्या खिडकीशी बराच वेळ उभी राहिले. बांध म्हणजे मातीचा ढिगारा, तो आपला आपण उभा असतो, असं मी धरून चालले होते. पण कुणाला तरी त्याच्यामागचं काहीतरी वाचवायचं असतं, म्हणून तो उभा असतो.

दिवाळीच्या सुमाराला मंदाने ऑफिसात सांगितलं की कापणी झाली. "आई म्हणतात, अर्धं पिकलं. हे म्हणतात, अर्धं बुडालं. शेवटी बिल्डरकडे सह्या झाल्या."

मी विचारलं, "आता होळीनंतर बांधावर चिखल घालायला कोण जाणार?"

मंदा डबा उघडत होती. तिच्या आवाजात राग नव्हता.

"आईंचं शेत होतं म्हणून आई जायच्या, ताई," ती म्हणाली. "आता बांधामागे तुम्ही राहता."