दारापासून सहा पावलं

कुठल्याही नव्या खोलीत शिरले की चाचा आधी चपला काढायचे आणि दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत ओठांतल्या ओठांत पावलं मोजत जायचे. तसेच परत यायचे आणि मगच तिथल्या माणसांशी सलाम-नमस्कार. बँक असो, दवाखाना असो, कुणाच्या मुलीचा साखरपुडा असो, मोजणी चुकायची नाही. एकदा तर ते डॉक्टरांना सांगून आले की पेशंटची खुर्ची दारापासून फार लांब आहे, आजारी माणूस तिथवर दमतो. डॉक्टरांनी खुर्ची हलवली की नाही, कोण जाणे. चाचा मात्र पुढच्या वेळी तपासायला गेले असणार.

बजाजनगरात सगळे त्यांना चाचाच म्हणत. मूळचे देवगाव रंगारीचे. वाळूजच्या एका कारखान्यात सगळी नोकरी फिटर म्हणून झाली आणि तेवढीच वर्षं त्यांनी कामगारांच्या नाटकांचं नेपथ्य सांभाळलं. हौशी नाटकं पाहत असाल तर असा माणूस तुमच्याही समोरून गेला असेल, पण दिसला नसेल. दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात टेबल-खुर्च्या हलवून जातो, तो.

मी माझ्या पहिल्या लघुपटासाठी नट शोधत कॉलनीतल्या तालमीच्या हॉलमध्ये गेले, तेव्हा ते बाकडी सरकवत होते. माझ्या वहीत प्रत्येक शॉटचं चित्र होतं. कॅमेरा कुठे, उजेड कुठून, चेहरा केवढा. वहीचा मला गर्व होता. त्यांनी ती लांब धरून पाहिली आणि विचारलं, "ह्या घरात कपाट कुठंय?"

कपाटाचं कथेत काही काम नाही, असं मी सांगितलं.

"मंग बाई साड्या कुठं ठेवती?"

त्यानंतर वर्षभर मी दर रविवारी त्या हॉलमध्ये त्यांच्याकडे शिकायला जात होते. जमिनीवर स्टीलची भांडी मांडून ते सीन बसवायला शिकवत. तांब्या म्हणजे बाप, दोन ग्लास म्हणजे मुली, पालथं पातेलं म्हणजे कपाट. मी भांडी सुबक ओळीत ठेवायची. "फोटो काढायलीस का?" म्हणत ते एक ग्लास उचलून पातेल्यामागे सरकवायचे, आणि त्या मुलीला बापाशी बोलायचं नाही हे मला एकदम दिसायचं. त्यांचं एकच पालुपद असे, "आधी सामान, मंग माणूस." आणि त्याला एक पुरवणी होती, "पण सामान हलवायच्या आधी इचारायचं बेटा, त्याच्यावर कोण बसतं." हे मी वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं. लिहिलं तेवढंच.

माझ्या लघुपटाचा शेवट साधा होता. बायकोला माती देऊन आलेला म्हातारा घरात शिरतो, सरळ स्वयंपाकघरात जातो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी चहा ठेवतो. शूटिंगला चार दिवस असताना ते काम करणारा नट आजारी पडला. मी चाचांना विचारलं. चाची जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, हे मला माहीत होतं. तरी विचारताना जीभ अडखळली नाही, याची आज लाज वाटते. मला फक्त माझा सीन दिसत होता. ते बराच वेळ नाही म्हणाले. आपण अंधारातलं माणूस, म्हणाले. मग कबूल झाले, आणि वर घरही देऊ केलं.

त्या घरात मी त्या दिवशी पहिल्यांदाच आत गेले. कॅमेरा लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राचा होता. संध्याकाळी त्याला अजिंठ्याला निघायचं होतं, म्हणजे जे काही मिळवायचं ते त्या एका दिवसात. चाचा दूध आणायला गेले होते. खोलीच्या मधोमध एक लोखंडी पलंग होता, कुठल्याच भिंतीला लावलेला नव्हता. कुणी पलंग असा ठेवतं का, असं म्हणत मी तो शूटिंगला आलेल्या पोरांकडून अंगणात काढून घेतला.

चाचा आले. अंगणातल्या पलंगापाशी थांबले. दुधाची पिशवी त्यावर ठेवली, परत उचलली. "हे तू ठरवलंस का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. "मंग ठीक."

दार ते स्वयंपाकघर सहा पावलं, मी मोजून दिली. कॅमेरा सुरू झाला. चाचा आत आले, तीन पावलं सरळ चालले आणि मग डावीकडून वळसा घालून स्वयंपाकघरात गेले. मी कट म्हटलं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. ते दर वेळी माफी मागत आणि दर वेळी वळत. पाचव्या वेळी, उन्हं उतरायला लागल्यावर, माझा तोल गेला. जन्मभर दुसऱ्यांना पावलं शिकवलीत आणि तुम्हाला सहा पावलं सरळ चालता येत नाहीत, मध्ये काही तरी आहे का, असं मी सगळ्यांसमोर बोलले.

ते मान खाली घालून उभे राहिले. "पाय ऐकत नाय बेटा," म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची मुलगी म्हणाली, "अम्मीचा पलंग होता तिथं. दोन वर्षं तिला कूस बदलता येत नव्हती. दोन्हीकडून हात घालता यावा म्हणून अब्बांनी मधी ठेवला होता."

मी पलंग आत आणायला सांगितला, तर चाचांनीच हाताने थांबवलं. "राहू दे. तुझ्या सीनमधी बी बाई गेलीच ना?" मग माझ्याकडे न बघता दाराबाहेर जाऊन उभे राहिले, पुढच्या शॉटसाठी.

मी कॅमेरा दोन हात मागे घेतला. वळसा पुरा दिसावा म्हणून. त्या वेळी त्यांना आठ पावलं लागली. आतून काडी ओढल्याचा आवाज आला आणि मला कट म्हणायचं सुचलं नाही.

लघुपट आम्ही त्याच हॉलमध्ये दाखवला. चाचा सवयीने दिव्याच्या बटणापाशी उभे होते. संपल्यावर मी त्यांची माफी मागितली, ती त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली. "पलंग दिसला," म्हणाले, आणि दिवे लावले. त्यानंतर मी बरीच कामं केली, थोडं कौतुकही झालं. सीन बसवायला मी शिकले ती त्या संध्याकाळी, आणि त्याची झळ त्यांना बसली.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. शेवटचे दोन महिने त्याच पलंगावर होते. मी घरी गेले तेव्हा येणाऱ्यांना बसायला जागा व्हावी म्हणून पलंग बाहेर काढला होता. बायका भिंतींना टेकून बसल्या होत्या, मधली सतरंजी रिकामी होती. त्यांची मुलगी पाणी आणायला उठली, आणि येताना-जाताना दोन्ही वेळा डावीकडून वळून गेली. तिला ते कळलंही नसावं.

पाणी पिऊन मी ग्लास आत ठेवायला उठले. आधी दारापर्यंत गेले, चपला बाजूला सारल्या, आणि तिथून स्वयंपाकघराकडे निघाले. मोजत होते. आठ भरली.